इंग्लंडला गेलेली माणसं

सॅनेटोरियम,
९ फेब्रुवारी १९४८

प्रिय डेलिया,

पोचलो. तुझ्या भावानं फाटकाबाहेरच सोडलं, आत यायला तो तयार नव्हता. त्याला दोष देऊ नकोस, त्याच्याही घरी पोरं आहेत.

इथे आम्हाला खोलीत ठेवत नाहीत. खाटा ओळीनं व्हरांड्यात मांडल्यात आणि समोरची भिंतच बांधलेली नाही. गार हवा हेच औषध, असं डॉक्टर लँगन म्हणतात. आज सकाळी उठलो तर पांघरुणावर बर्फाचा पापुद्रा. झटकला आणि चहा प्यालो.

बासरी गेली. सिस्टर कोलंबानं पिशवी तपासली, आणि मेलेला उंदीर उचलावा तशी ती दोन बोटांत धरून म्हणाली, "फुंकायला फुफ्फुसं लागतात, मिस्टर हेहिर. आधी ती बरी करू." कपाटात घालून कुलूप लावलं. वह्या आणि पेन्सिली मात्र ठेवू दिल्या. गोष्टी लिहायला फुफ्फुसं लागत नाहीत, अशी तिची समजूत दिसते.

आणि शेजारच्या खाटेवर कोण असावं? थाडी टब्रिडी. लिसडफच्या संघातला थाडी. एकोणचाळीसच्या हर्लिंगच्या सामन्यात काठीच्या एका फटक्यात ज्यानं माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, तोच. मला पाहून खोकत खोकत हसला. म्हणाला, "ये हेहिर. इथे पंच नाही." त्याच्या घरच्यांनी गावात तो बर्मिंगहॅमला असल्याचं सांगितलंय. म्हणजे आम्ही दोघेही इंग्लंडात, आणि तेही शेजारी शेजारी.

तू लोर्कनला आणि आपल्या संघातल्या, बँडातल्या सगळ्यांना कॉव्हेंट्रीच सांगितलंस ना? मोटारींचा कारखाना? मला मोटारीतलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा तपशिलात शिरू नकोस. पत्रं ठरल्याप्रमाणे एनिसला तुझ्या आत्याकडे पाठवतो. आपल्या पोस्टमनच्या डोळ्यांतून शिक्का सुटायचा नाही.

ऊनाला सांग, बाबा खूप खातो.

तुझा,
फिंटन

*

क्लूनबेग,
४ मार्च

प्रिय फिंटन,

बाजाराच्या दिवशी आत्याकडे गेले तेव्हा पत्र मिळालं. तिथेच, तिच्या स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं, मग चुलीत टाकलं. घरी आणायची हिंमत होत नाही.

तुझी गादी गोठ्यामागे जाळली. शेजारीण विचारायला आली, "एवढा धूर कसला?" म्हटलं, पिसवा झाल्या होत्या. आता गावभर माझ्या घरात पिसवा आहेत. चालेल. तुझा पेला, चमचे, उशांचे अभ्रे, सगळं उकळून घेतलं. भिंतींना चुना दिला. ऊनाला काही नाही, मलाही नाही. एनिसला छातीचा फोटो काढून आलो, आत्याच्या ओळखीनं, तिच्याच आडनावावर.

लोर्कन आला होता. दारातच उभा राहिला, हातावर लोहारभट्टीची काजळी तशीच. "निरोपसुद्धा न घेता गेला?" म्हणाला. मी म्हटलं, घाईत बोलावणं आलं. "तिकडे बासरी वाजवतो का?" म्हटलं, वेळ मिळत नसेल. "आणि काठी?" म्हटलं, ती घरीच आहे. त्यानं कोपऱ्यातल्या काठीकडे पाहिलं, मान हलवली आणि गेला.

ऊना शाळेत सांगते की तिचा बाबा राजाच्या मोटारी बनवतो. हे मी शिकवलेलं नाही.

तू खातोस ना खरंच? वजन किती भरलं ते लिही. थापा मारू नकोस, मी तुला ओळखते.

डेलिया

*

सॅनेटोरियम,
२ मे

प्रिय डेलिया,

वजन वाढतंय. दूध, अंडी, पुन्हा दूध. सिस्टर कोलंबा समोर उभी राहून पाजते.

थाडीचा आणि माझा दिवस भांडणात जातो. तो माझा एकोणचाळीसचा गोल अजून कबूल करत नाही. म्हणतो, चेंडू रेषेच्या आत गेलाच नव्हता, आणि गेला असला तरी पंच तुझ्या मावशीचा नवरा होता. मी म्हणतो, तो बिचारा माझ्या मावशीला पाहिल्यापासून कोणाचीच बाजू घेत नाही. व्हरांडाभर हशा पिकतो. मग कोणाला तरी खोकला लागतो, आणि सगळे गप्प.

डेलिया, आता खरं लिहितो. हिवाळ्यापासून या ओळीतून बरेच जण गेले. कोणी घरी गेले, बाकीचे दुसऱ्या वाटेनं. गेलेल्यांच्या घरून माणसं बंद गाडी घेऊन येतात, मागच्या दारानं. गावात सांगतात, इंग्लंडात अपघात झाला, लंडनला ताप आला. मायोकडचा एक जण होता, त्याच्या पाच बहिणींची लग्नं व्हायची होती. त्याचं नाव शवपेटीवर लिहू नका असं त्याच्या बापानं सांगितलं. बापाला मी पाहिलं. तो निर्दय नव्हता. गाडीत बसल्यावर त्यानं टोपीत तोंड घातलं.

हे मी लिहून काढलंय. गोष्ट नाही, जसं घडलं तसं. साप्ताहिकाचा संपादक छापेल, माझं काहीही छापतो तो. पण त्याखाली माझं नाव हवं. नाव लपवून, नावं लपवणाऱ्यांबद्दल कसं लिहू? बासरी गेली. मैदान गेलं. एवढं एक हातात उरलंय.

लोर्कनलाही खरं सांगून टाकू या का? त्याला वाटत असेल, फिंटन विसरला आपल्याला. ही गोष्ट मला रोगापेक्षा जास्त लागते.

होय म्हण.

फिंटन

*

क्लूनबेग,
१६ मे

फिंटन,

नाही.

शिंप्याच्या थोरल्या मुलीला तीन वर्षांपूर्वी हा रोग झाला, तेव्हा त्यानं लपवलं नाही. प्रामाणिक माणूस. त्याच्याकडे कपडे शिवायला कोणी गेलं का? आपणही गेलो नाही. तू तुझा कोट एनिसहून शिवून आणलास, आठवतं? धाकटीचं ठरलेलं लग्न मोडलं. पोरगी बरी होऊन घरी आली, तरी चर्चमध्ये तिच्या बाकावर कोणी बसत नसे. शेवटी ती माणसं गाव सोडून गेली, आणि ती खरोखरच इंग्लंडला गेली.

मी अंडी विकते, लोणी विकते. त्यावर घर चालतं. क्षयाच्या घरातलं लोणी कोण खाईल? ऊना शाळेत कोणाशेजारी बसेल? तू तिकडे आहेस, तुझ्या भोवती सगळे तुझ्यासारखेच. मी इथे आहे. पाणी भरायला मला रोज त्याच विहिरीवर जायचंय.

तुझं लिखाण खरं आहे हे मला माहीत आहे. खऱ्यानं पोट भरत नाही. तू बरा होऊन घरी ये, मग लिही काय लिहायचं ते. आता नको. पाया पडते.

लोर्कनलाही नको. तो चांगला आहे, पण त्याला बायको आहे, आणि त्याच्या बायकोला तोंड आहे.

डेलिया

*

सॅनेटोरियम,
२० जून

मिसेस हेहिर यांस,

तुम्ही मला ओळखत नाही, पण माझ्या काठीला ओळखता. तुमच्या नवऱ्याचं गळ्याजवळचं हाड वाकडं आहे ना, ती माझी सही. पाकिटावरचा पत्ता मी चोरून वाचला. मी लिहिलंय हे त्याला कळू देऊ नका, नाहीतर दुसरं हाड तो माझं मोडेल.

वहिनी, तुमचा माणूस खोटं लिहितोय. वजन वाढत नाही, घटतंय. दूध तो माझ्या पेल्यात ओततो, आणि मी मूर्खासारखा पितो. तुमचं नाहीचं पत्र आल्यापासून त्यानं वही उघडलेली नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो. आता इथे भिंत एकच आहे, मागची, म्हणजे तो माझ्याकडे आणि डोंगराकडे दोघांकडेही पाठ करतो.

डॉक्टर लँगननी त्याला स्पष्ट सांगितलं. एका बाजूच्या बरगड्या काढायच्या, म्हणजे सडलेलं फुफ्फुस खाली बसेल आणि त्याला विश्रांती मिळेल. नाहीतर पुढचा उन्हाळा नाही. ऑपरेशन सोपं नाही, काही जण टेबलावरच राहतात, हेही त्यांनी लपवलं नाही. आणि वाचला तरी खांदा कायमचा खचणार, हर्लिंग बंद, बासरीला दम पुरणार नाही. तो म्हणाला, "मग उरलं काय माझं?" आणि नकार दिला.

माझं फुफ्फुस दोन्हीकडून गेलंय, म्हणून माझ्यावर ते ऑपरेशन होत नाही. मला कोणी विचारलं असतं तर मी बरगड्या काय, कानसुद्धा काढून दिले असते.

अजून एक. शरदात अंतिम सामना आहे. तो त्या दिवशी इथून पळून मैदानावर जायच्या गोष्टी करतो. खेळायला नाही, नुसतं काठी हातात घेऊन एकदा उभं राहायला. मग काय व्हायचं ते होवो, म्हणतो. धरून ठेवायला माझ्यात ताकद राहिलेली नाही. तुम्ही काहीतरी करा.

थाडी टब्रिडी
(हल्ली मुक्काम बर्मिंगहॅम)

*

क्लूनबेग,
२९ जून

फिंटन,

ऑपरेशन करून घे.

मला कुठून कळलं ते विचारू नकोस. मला कळलं. मी आठवडाभर वाट पाहिली, तू सांगशील म्हणून. तू लिहिलंस की इथे चेरी पिकल्यात.

तुझं काय उरलं, ते मी सांगते. मी तुझ्याशी लग्न केलं तेव्हा तू सामन्यातून आला होतास, डोळा सुजलेला, आणि माझ्या वडिलांसमोर खुर्चीत बसल्या बसल्या झोपलास. घोरत होतास. तिथे बासरी नव्हती, काठी नव्हती, गोष्ट नव्हती. मला तोच माणूस हवा आहे, घोरणारा. खांदा खचलेला चालेल. एक हात नसला तरी चालेल. माणसं युद्धातून याहून कमी घेऊन परत आली.

मी तुला लिहू दिलं नाही म्हणून तू जेवण सोडलंस का? तसं असेल तर सांग, म्हणजे ते माझ्या डोक्यावर असू दे. पण मला ऊनाकडे बघून ठरवावं लागतं. ती हल्ली विचारते, इंग्लंडहून बोट रोज येते ना, मग बाबा का येत नाही? मी काय सांगू? आज गवत कापताना मी एकटीच शेतात बसून रडले आणि मग उठून उरलेलं कापलं. दुसरं काय करणार होते.

उत्तर दे. होय किंवा नाही, पण दे.

डेलिया

*

सॅनेटोरियम,
१८ ऑगस्ट

डेलिया,

हे पत्र पाववाल्याच्या गाडीतून थेट पाठवतोय. आत्याकडून यायला वेळ लागेल आणि वेळ नाही. कोणी पाहिलं तर पाहू दे.

थाडी काल सकाळी गेला.

त्याबद्दल मला आत्ता लिहिता येत नाही.

दुपारी त्याचा मामा आणि एक भाड्याचा गाडीवाला आले. मागच्या दारानं. मामानं सिस्टरला विचारलं, "कागदावर रोगाचं नाव घालायलाच हवं का?" त्याचे बूट, वस्तरा, रोझरीची माळ इथेच जाळायला सोडून गेले. मी खाटेवर उठून बसलो आणि ओरडलो, "त्याच्या संघाला सांगा." मामानं वर पाहिलं, टोपीला हात लावला आणि गाडीत चढला.

उद्या अकरा वाजता लिसडफला दफन आहे. तिथे कोणी नसेल, डेलिया. ज्या माणसाच्या नावानं अर्धा परगणा मैदानात ओरडायचा, त्याच्यामागे कोणी नसेल. मी फाटकापर्यंत जाऊन आलो आज. पाय वाकले, दोन वॉर्डबॉय मला उचलून घेऊन आले. सामन्याला पळून जाणार होतो म्हणे मी.

तू जा. मी तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, तुझ्याकडे काही मागायचा मला हक्क नाही. तरी मागतो. काही बोलू नकोस, कोणाला काही सांगू नकोस, नुसती मागे उभी राहा. आमच्यापैकी कोणीतरी तिथे असायला हवं.

फिंटन

*

क्लूनबेग,
२३ ऑगस्ट

प्रिय फिंटन,

गेले होते. सगळं सांगते.

सायकलवर गेले, वारा समोरून होता, पोचायला उशीर झाला. पुढच्या बाकावर त्याची आई आणि दोन बहिणी. मामा. चर्चचा झाडूवाला. आणि एक म्हातारा, जो कुणाचीही मयत असली तरी जातो. बस. फादर प्रार्थना भराभर म्हणत होते, पाऊस येईल म्हणून.

पेटी उचलायला माणसं पुरेनात. मामा, झाडूवाला, गाडीवाला, आणि चौथ्या बाजूला तो म्हातारा, त्याला सरळ उभंही राहवत नव्हतं. फादरनी इकडे तिकडे पाहिलं. मी पुढे झाले आणि म्हाताऱ्याला बाजूला केलं. बाईनं खांदा द्यायचा नसतो, मला माहीत आहे. कोणी अडवलं नाही. हलकी होती रे पेटी. एवढा आडदांड माणूस म्हणायचास तू. मला वाटलं होतं, पेलवणार नाही.

दफन झाल्यावर त्याची आई माझ्याजवळ आली. माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमची बर्मिंगहॅमची ओळख का?"

मी म्हटलं, "माझा नवरा त्याच्या शेजारी असतो."

"कारखान्यात?"

तिच्याकडे पाहून मला खोटं बोलवेना. हळूच म्हटलं, "व्हरांड्यात."

मला वाटलं, आता ही हात सोडेल. तिनं सोडला नाही. उलट दुसरा हातही धरला. मामा म्हणाला, "चल आता, पाऊस येतोय," तरी ती हलली नाही. "खूप थंडी असते का हो तिथे?" एवढंच विचारलं तिनं. मी म्हटलं, पांघरुणं भरपूर असतात.

परत येताना मी घराकडे वळलेच नाही. सरळ मैदानावर गेले. आपली पोरं सराव करत होती. कोणीतरी म्हणालं, "कॉव्हेंट्रीवाल्याच्या बाईसाहेब आल्या." तुला सांगितलं नव्हतं, पण मार्चपासून तुझं नाव हेच आहे. इंग्रजांच्या पगाराला विकला गेलेला, असं लोर्कननं भट्टीवर चारचौघांत म्हटलं होतं.

मी लोर्कनला बाजूला बोलावलं. म्हटलं, "फिंटन कॉव्हेंट्रीला नाही. तो इथून बसनं दोन तासांवर आहे. त्याला क्षय झालाय."

तो मागे सरकला. फार नाही, एक पाऊल. बाकीचे तिथेच थांबले होते, त्यांनाही ऐकू गेलं, तेही सरकले.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

"जानेवारीपासून."

"नाताळात आम्ही एकाच बाटलीतून प्यायलो होतो," तो म्हणाला. आवाज असा, जणू मीच त्याला ती पाजली होती. "माझ्या घरी तान्हं मूल आहे, डेलिया."

"माझ्याही घरी मूल आहे."

त्यानं काठी उचलली आणि मैदानात गेला. चेंडू मारला तो कुठेतरी कुंपणाबाहेर.

हे झालं गुरुवारी. शनिवारी दुकानात अंडी घेऊन गेले. बाई म्हणाली, "सध्या अंडी पुरे आहेत." तिच्या मागे टोपली होती, रिकामी. काल चर्चमध्ये मिस्सेला आमच्या बाकावर ऊना आणि मी, दोघीच. ऊना म्हणाली, "आज मोकळं मोकळं बसता आलं."

तर फिंटन, आता लपवायला काही उरलं नाही. जे व्हायचं होतं ते झालं, आणि मी अजून उभी आहे. कशी, ते मला माहीत नाही. लोणी एनिसला आत्या विकेल, थोडं कमी मिळेल. तुझं लिखाण पाठव. तुझं नाव घाल. थाडीचंही घाल. त्याच्या आईला मी विचारलंय, काल पुन्हा गेले होते तिच्याकडे. ती म्हणाली, "घाला. नीट घाला, दोन बी लागतात त्याच्या आडनावाच्या स्पेलिंगात."

पण माझी अट आहे. ऑपरेशन. मी माझं देऊन बसले, आता तू तुझं दे. तू मेलास तर हे सगळं मी कशासाठी केलं?

डेलिया

*

सॅनेटोरियम,
३ सप्टेंबर

प्रिय डेलिया,

होय.

लिखाण आज पाठवलं, शिंप्याचंही त्यात घातलं. डॉक्टरांच्या कागदावरही आज सही केली. दोन भागांत करणार आहेत, पहिला महिनाअखेरीस.

मला भीती वाटते. हे तुला सोडून कोणाला सांगता येणार नाही. पूर्ण बेशुद्ध करत नाहीत, फुफ्फुसाला झेपत नाही म्हणून. जागा बधिर करतात, आणि माणसाला आवाज ऐकू येतो, असं पलीकडच्या खाटेवरचा सांगतो. तुला हे सांगायला नको होतं. पण थापा मारू नकोस म्हणालीस.

तू पेटीला खांदा दिलास हे मी वाचलं आणि पत्र बाजूला ठेवलं. मग परत वाचलं. त्यावर काही लिहायचा प्रयत्न केला, सगळं खोडलं.

ऊनाला खरं सांग. तिला मोटारी आवडत असतील तर वाईट वाटेल तिला.

फिंटन

*

क्लूनबेग,
१० ऑक्टोबर

फिंटन,

मी लोर्कन. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, तेव्हा चुका काढू नकोस.

डेलिया म्हणते, पहिलं ऑपरेशन झालं, तू जिवंत आहेस, पण पेन धरवत नाही. म्हणून तू उत्तर देऊ शकणार नाहीस तेवढ्यात लिहून घेतो.

अंतिम सामना आपण हरलो. लिसडफनं एका गुणानं मारलं. तू असतास तरी हरलो असतो, फार हवेत जाऊ नकोस.

तुझं लिखाण सामन्याच्या आदल्या आठवड्यात आलं. मिस्सेनंतर चर्चबाहेर मास्तरांनी वाचून दाखवलं. अर्धे लोक आधीच निघून गेले. राहिले ते टोप्या हातात घेऊन ऐकत होते. शिंप्याचं आलं तिथे कोणी कोणाकडे बघेना. फादर म्हणाले, असल्या गोष्टी छापून गावाची बेअब्रू होते. मास्तर म्हणाले, "फादर, बेअब्रू आधीच झाली होती, छापली आत्ता." त्यांच्यात अजून बोलणं नाही.

मी त्या संध्याकाळी व्हायोलिन घेऊन तुझ्या घरी गेलो. बायको म्हणाली, गेलास तर जा, पण तिथला चहा पिऊ नकोस. मी दोन कप प्यालो. खोटं कशाला बोलू, पहिला तोंडाला लावण्याआधी कपाची कड बाहीला पुसली. डेलियानं ते पाहिलं आणि दुसरा ओतला. बँडातले अजून दोघं माझ्यामागून आले, ते उंबऱ्याच्या आत येईनात. दारात उभे राहूनच त्यांनी वाजवलं. एकाच्या डोक्यावर वळचणीचं पाणी गळत होतं. बाकीचे आलेच नाहीत, आणि येतील असं मला वाटत नाही. ऊना नाचली. तेवढंच.

दुकानवालीनं अंडी अजून घेतलेली नाहीत. माझी बायको आता घेते. उकडून खाते, दगड होईपर्यंत.

आता खरी गोष्ट. सामन्यानंतर लिसडफचा कप्तान माझ्याकडे आला. मला वाटलं, चिडवायला आला. तो म्हणाला, "वर्षभर आम्ही थाडीला शिव्या घातल्या. बर्मिंगहॅमला जाऊन मोठा झाला, एक ओळ लिहीत नाही म्हणून." आणि मग रडायला लागला रे, मैदानाच्या मधोमध, कप काखेत धरून. मी काय करणार, उभा राहिलो त्याच्यासमोर. माझीही तीच गत होती. आधी ते सगळे दारूच्या दुकानात गेले, ते लिसडफचेच शेवटी. पण दुसऱ्या दिवशी सगळा संघ खेळाच्या कपड्यांत थाडीच्या कबरीवर गेला. पाऊस धो धो. त्याच्या आईनं प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवला, असं मला सांगणाऱ्यानं सांगितलं.

तुला भेटायला यायचं म्हणतो. येईन असं नक्की सांगत नाही. फाटकापर्यंत येईन, पुढचं तिथे बघू.

लोर्कन

*

सॅनेटोरियम,
२३ जानेवारी १९४९

मिसेस टब्रिडी यांस, सप्रेम नमस्कार.

नाताळाआधी तुम्ही एवढ्या लांबून मला बघायला आलात. तुम्ही एक विचारलंत, आणि माझ्यानं तेव्हा बोलवलं नाही. डॉक्टरांनी बोलायची बंदी केली होती, पण खरं कारण ते नव्हतं.

शेवटी तो काही बोलला का, असं तुम्ही विचारलंत.

मला सजवून लिहिता येतं, तो माझा धंदाच आहे. त्यानं देवाचं नाव घेतलं, तुमचं नाव घेतलं, असं लिहू शकलो असतो. तुम्ही विश्वास ठेवला असतात. पण झालं ते असं. उजाडत होतं. त्याची उशी खाली सरकली होती आणि त्याला श्वास घेता येत नव्हता. आम्हाला खाटेवरून उतरायची परवानगी नाही. मी उतरलो. उशी वर केली आणि त्याच्या मागे बसलो, त्याची पाठ माझ्या छातीला टेकवून, म्हणजे तो ताठ राहील. माझे अनवाणी पाय त्याच्या पायांना लागले. तो म्हणाला, "तुझे पाय किती गार आहेत, हेहिर." मग आपलं पांघरूण पायानंच माझ्या पायांवर ढकललं. त्यानंतर तो बोलला नाही. सिस्टर कोलंबा आली तेव्हा मी तसाच बसलेलो होतो, आणि तिनं मला रागावलं नाही.

एवढंच. तो एकटा नव्हता, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

माझं विचारलंत. उजवा खांदा खाली गेलाय, आरशात बघितलं की कोणीतरी माझा कोट खुंटीवर वाकडा टांगल्यासारखा दिसतो. थुंकीत अजून जंतू सापडतात. दुसरं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. वाचेन की नाही, डॉक्टर सांगत नाहीत, मीही विचारत नाही. डेलिया दर रविवारी येते. लोर्कन दोनदा आला. पहिल्यांदा फाटकाबाहेर उभा राहून हात केला, दुसऱ्यांदा आत आला आणि सगळा वेळ सामन्याबद्दलच बोलला.

थाडीच्या खाटेवर परवा एक नवा माणूस आलाय. कॉर्ककडचा, कोवळाच आहे, पायदळातून सुटलेला. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. काल मी विचारलं, गावात काय सांगितलंय? म्हणाला, लिव्हरपूल. आई नाही त्याला. बाप येणार नाही, त्यानं तसं स्पष्ट कळवलंय.

तुम्ही पुन्हा आलात तर आधी त्याच्याजवळ बसा. मला डेलिया आहे.

तुमचा,
फिंटन हेहिर